सांडलेलं कोण पुसतं

सातपुते मॅडमनी हातातली काचेची बाटली आमच्या डोळ्यांदेखत फरशीवर सोडून दिली. लाल रंगाचं पाणी खुर्च्यांच्या पायांपर्यंत पसरलं आणि एक मोठा तुकडा कुंभोजकर सरांच्या बुटाशी येऊन थांबला.

"हे केमोचं औषध आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "आता काय कराल?"

कुंभोजकर सर आमच्या फार्मसीचे इनचार्ज. आपल्यावर सगळ्यांची नजर आहे हे पाहून ते हसत खाली वाकले आणि तो तुकडा त्यांनी दोन बोटांत उचलला.

"आधी काच उचलायची. कुणाच्या पायात गेली म्हणजे?"

"बोटं बघा."

सरांची बोटं लाल झाली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढून ती पुसली.

"रुमाल घरी नेणार?"

"नेणारच की."

"धुणार कोण?"

"मिसेस."

"मग त्यांच्याही हाताला लागलं," मॅडम म्हणाल्या आणि आमच्याकडे वळल्या. "हे औषध वाढणाऱ्या पेशी मारतं. पेशी कॅन्सरची आहे की तुमच्या मुलीची, हे त्याला कळत नाही."

इचलकरंजीतल्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात केमोचा वॉर्ड सुरू होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड होती आणि वॉर्डातला पेशंट ड्रिप लागलेली असताना दिवसभर तो खडखडाट ऐकत पडून राहायचा. औषधं मिसळण्याची खोली फार्मसीला लागून होती. मी तिथे फार्मासिस्ट होते, नोकरीत नवीच म्हणायला हवी. तपासणीसाठी बाहेरून कमिटी येणार होती आणि तिला स्टाफच्या ट्रेनिंगचा पुरावा हवा होता, म्हणून प्रशासक बिरनाळे साहेबांनी मिरजेहून मेरी सातपुते यांना बोलावलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून त्या रिटायर झाल्या होत्या. उंच, वाळलेल्या, डोक्याला घट्ट सुती स्कार्फ. तीन शनिवार त्या एसटीने यायच्या होत्या.

त्या पहिल्याच शनिवारी बिरनाळे साहेब दारात डोकावले तेव्हा मॅडमनी त्यांना विचारलं, "सफाईची माणसं कुठे आहेत?"

"ती कॉन्ट्रॅक्टची माणसं, मॅडम. ट्रेनिंग फार्मसीचं आहे."

"सांडलेलं कोण पुसतं?"

साहेबांनी कुंभोजकर सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "आया पुसतात. आम्ही सांगू त्यांना नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सांगू हो. वॉर्ड भरलाय, आता त्यांना इथे बसवून कसं चालेल?" असं म्हणत साहेब निघूनही गेले. मॅडमनी एकदा रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग स्पिल किटची, म्हणजे सांडलेलं औषध आवरायच्या सामानाची, पेटी उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर काढायला लागल्या.

दुपारी चहा आला. मॅडमनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढून त्यात चहा ओतून घेतला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकट्या जाऊन बसल्या. कुंभोजकर सर माझ्या कानाशी म्हणाले, "आपला कप चालत नाही बाईंना." पुढे आमच्या स्टाफच्या बाथरूमबद्दलही कुरकुर झाली. बाई आत गेल्या की बादल्यांवर बादल्या पाणी ओतल्याचा आवाज येतो, अर्धा तास कडी उघडत नाही. सोवळं आहे म्हणावं तर या ख्रिश्चन, असं म्हणून सगळे हसले. मीही हसले असेन.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी प्रत्येकाकडून सगळं करवून घेतलं. आधी माणसं लांब करा, पाटी लावा. गाऊन, मास्क, गॉगल, हातमोज्यांच्या दोन जोड्या, एकावर एक. सांडलेल्यावर पॅड हळूच ठेवा, दाबू नका, पाणी उडतं. काच चिमट्याने किंवा सुपलीने. पुसायचं ते कडेकडून आत, म्हणजे घाण बाहेर पसरत नाही. साबणपाण्याने पुन्हा पुन्हा. सगळं जाड पिवळ्या पिशवीत. शेवटी हातमोजे काढताना बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये. माझी लागली. त्यांनी मला परत पहिल्यापासून करायला लावलं. पुन्हा लागली, तेव्हा पुन्हा.

"कंटाळलीस?"

"नाही मॅडम."

"मी कंटाळले असते," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या.

बाकीचे घरी गेल्यावर सामान भरायला मी थांबले. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही सुरुवातीपासून असंच करत होता?"

"छे. आम्ही उघड्या टेबलावर मिसळायचो, पंख्याखाली. सुई उपसली की नाकाशी तुषार यायचा. त्याच टेबलावर डबे खायचो." त्या पॅडची घडी घालत होत्या. "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं बहुतेक."

"मग त्रास नाही झाला कुणाला?"

"कुणाला झाला, कुणाला नाही. एकीचे दिवस दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. आम्ही तिला उपास कर, प्रार्थना कर म्हणून सांगत होतो." त्यांनी पेटी मिटली. "या औषधाने झालं असं मात्र कुणी म्हणू शकलं नाही. सिद्ध होत नाही ना. तुझं लग्न झालंय, राजमती?"

"ठरलंय."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांची पिशवी उचलायला गेले तर त्यांनी ती झटकन आपल्याकडे ओढून घेतली. मला ते लागलं. घरी आईलाही सांगितलं मी, की बाई हुशार आहेत पण माणूसघाण्या आहेत.

तिसऱ्या शनिवारी परीक्षा होती. बिरनाळे साहेब स्वतः येऊन बसले होते, कारण कमिटीला दाखवायला फोटो काढायचे होते. मॅडम आल्या त्याच भिंत धरून. चेहरा राखेसारखा. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, कुंभोजकर सरांचं नाव घेतलं, आणि एकदम तोंडावर हात धरून मागे वळल्या. बाथरूमपर्यंत पोचल्या नाहीत. दाराच्या अलीकडेच त्यांना उलटी झाली. फरशीवर, स्वतःच्या साडीवर, भिंतीवर. एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. मी खुर्ची घेऊन धावले आणि त्यांनी डोळ्यांनीच मला लांब राहायला सांगितलं. खुर्ची स्वतः ओढून त्या बसल्या.

कुणीतरी हाक मारली असावी. आक्काताई आवळे बादली आणि फडकं घेऊन आली. ती केमो वॉर्डाची आया. दिवसात किती वेळा ती हेच काम करत होती कोण जाणे. आली तशी खाली बसलीसुद्धा आणि फडकं पिळलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आवाज बारीक होता पण आक्काताईचा हात तिथेच थांबला. "हात लावू नका त्याला."

"न्हाई वो, मला काय न्हाई वाटत. सवय हाय."

"काल माझी केमो झाली आहे," मॅडम म्हणाल्या. "मिरजेत. दर शुक्रवारी होते. औषध अजून माझ्या अंगात आहे आणि यातही आहे. दोन दिवस ते माझ्या सगळ्यातून बाहेर पडतं. लघवीतून, घामातून, उलटीतून. मागे व्हा, बाई."

आक्काताई बादली-फडकं उचलून दारात जाऊन उभी राहिली. तो स्टीलचा पेला, त्या बादल्या, ती ओढून घेतलेली पिशवी, प्रत्येकाला आपापलं हसणं आठवलं असेल. निदान मला आठवलं.

बिरनाळे साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, अहो, आधी सांगायचं तरी. आपण दुसरा वार धरला असता."

"वार तुम्हीच दिलात. आणि आधी सांगितलं असतं तर बोलावलंच नसतं." त्यांनी पदराने ओठ टिपले आणि तो पदर बाजूला धरून ठेवला. "कुंभोजकर, परीक्षा सुरू करा. किट तिथे आहे."

सर जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "मॅडम, औषध सांडलं तर आम्ही करूच. पण हे… हे म्हणजे… यासाठी आया आहेत ना. तिला हातमोजे देऊ या आपण."

"तिला शिकवलंय?"

"त्यात काय शिकवायचं? पुसायचंच तर आहे."

"हे औषधच आहे, कुंभोजकर. माझ्यातून जाऊन आलंय, एवढंच."

सर साहेबांकडे बघत राहिले आणि साहेब खिडकीकडे. मला अजूनही सरांना वाईट म्हणवत नाही. त्यांच्या घरात, माझ्याही घरात, दुसऱ्याची ओकारी पुसायला नेहमी कोणीतरी ठराविक माणूस आलेलं होतं. आणि ते माणूस हातात फडकं घेऊन दारात उभं होतं.

मी किट उघडलं. धाडस वगैरे काही नव्हतं. पण मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, साडी ओली झाली होती आणि सगळे त्यांच्याकडे बघत उभे होते. ते मला पाहवत नव्हतं. मी गाऊन चढवला. मास्कच्या आतही वास आला. गॉगल धुरकटला.

"पाटी," मॅडम म्हणाल्या.

मी पाटी लावली. सगळे भिंतीपर्यंत सरकले. मी पॅड ठेवले.

"दाबू नकोस."

"नाही."

"मधून सुरुवात केलीस. कडेकडून आत."

मी दुसरा पॅड घेतला आणि कडेपासून सुरुवात केली. भाताचं पाणी होतं नुसतं, सकाळची पेज असावी. गुडघ्यांवर बसून मी फरशी पुसत होते आणि माझ्या डोक्यावरून मॅडम आक्काताईशी बोलत होत्या.

"वॉर्डात पेशंटची उलटी तुम्हीच काढता?"

"व्हय. म्या न् सुमन."

"कशाने?"

"ह्येच फडकं."

"मग फडक्याचं काय करता?"

"नळाखाली धुतो की. हातानं चोळून."

"भांडी? लघवीची?"

"तीबी." आक्काताई म्हणाली, "हाताची सालं निघत्यात माझ्या. सुमनच्याबी. फिनेलनं व्हत आसंल म्हटलं."

"फिनेलनेही होतं," मॅडम म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही."

आक्काताईने बादली खाली ठेवली. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी तशीच उभी राहिली. तिने मग विचारलं, "माझी ल्येक पोटुशी हाय. म्हैन्याभरापास्नं माहेरी आलीया. घरी जाऊन मीच तिला भरवतो. चालतंय न्हवं?"

मी पुसायची थांबले.

"घरी जाण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा," मॅडम म्हणाल्या. "इथली साडी इथेच बदला, घरच्या कपड्यांत धुवू नका. आजपासून. झालं ते झालं. सुमनला बोलवा आणि जेवढ्या आया असतील तेवढ्यांना. बिरनाळे साहेब, मला अर्धा तास हवा आहे."

साहेबांनी मान हलवली. फोटो काढणारा मुलगा कॅमेरा पिशवीत घालत होता.

आया आल्या, भिंतीशी दाटीवाटीने खाली बसल्या. मॅडम खुर्चीतून सांगत होत्या आणि मी उरलेली भिंत पुसत, पिशवी बांधत, हातमोजे काढत ते करून दाखवत होते. या वेळी बाहेरची बाजू हाताला लागली नाही. त्यांनी ते पाहिलं. मध्येच त्यांचा आवाज जायचा, त्या डोळे मिटायच्या आणि आम्ही सगळ्या वाट बघायचो. एकदा कुंभोजकर सरांनी पुढे होऊन पाण्याचा पेला त्यांच्यासमोर धरला, त्यांचाच स्टीलचा. सरांच्या हातात हातमोजे होते.

मॅडमना हॉस्पिटलच्या गाडीतून मिरजेला पाठवलं. सीटवर त्यांनी स्वतःच प्लॅस्टिक अंथरून घेतलं. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणाल्या, "सोमवारनंतर ये कधीतरी. तेव्हा मी माणसांत असते."

कमिटी आली, बघून गेली, सर्टिफिकेट मिळालं. आयांना हातमोजे आणि गाऊन मिळू लागले. आक्काताईच्या मुलीला मुलगा झाला, धडधाकट. तिने पेढे वाटले तेव्हा मी अख्खा पेढा खाल्ला. पुढे कॉन्ट्रॅक्ट बदललं आणि आक्काताई, सुमन सगळ्याच गेल्या. नव्या बायका आल्या त्या पहिल्या दिवशी उघड्या हातांनी बादली घेऊन आल्या. आता इतक्या वर्षांनी फार्मसी माझ्याकडे आहे आणि दर नव्या कॉन्ट्रॅक्टला मी पहिल्यापासून सुरुवात करते.

मिरजेला जायला मला बराच उशीर झाला. लग्न होतं, मग सासर. गेले ती एका रविवारी. मॅडम त्यांच्या थोरल्या बहिणीकडे राहत होत्या. रूथताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, लहानखुऱ्या आणि बोलक्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातांत निळे हातमोजे होते, कोपरापर्यंत ओले.

"तुम्हीच का त्या राजमती? बरं झालं आलात. तुम्ही तरी सांगा हिला," त्या मला आत नेत म्हणाल्या. "शुक्रवार आला की तीन दिवस ही मला जवळ येऊ देत नाही. चादर काढायची तर हातमोजे. ताटली वेगळी. परवा अंघोळ घालते म्हटलं तर नको. अहो, हिला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरलेय. आता हिची चादर चिमटीत धरून उचलू?"

मॅडम बाहेरच्या खोलीत कॉटवर होत्या. त्यांच्या अंगावर फक्त हाडंच उरली होती. मला पाहून त्यांनी हात थोडा वर केला.

"तू सांग तिला," त्या म्हणाल्या. "माझं ऐकत नाही ती."

मग मी कॉटच्या पायथ्याशी बसून रूथताईंना सगळं समजावून सांगितलं. औषध अंगातून कसं बाहेर पडतं, चादर का वेगळी भिजवायची, हातमोजे कसे काढायचे. त्यांचेच हात हातात घेऊन करून दाखवलं. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. रूथताई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या मान हलवत होत्या, पण डोळे भरले होते.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "करते मी तसं. तुम्ही एवढ्या लांबून येऊन सांगताय म्हणजे खरंच असणार."

"रूथ," मॅडम म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "आता नकोत हातमोजे."

"म्हणजे?"

"शुक्रवारी गेले होते ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता केमो देत नाही. बंद केलीय. या वेळी दिलीच नाही त्यांनी. माझ्या अंगात आता औषध नाही."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? दोन दिवस मी मेली हे रबर चढवून फिरतेय." रूथताई हसल्या, खऱ्याखुऱ्या आनंदाने. "बंद केली म्हणजे बरीच झालीस की गं तू."

मॅडमनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. केमो कधी थांबवतात आणि का, हे आमच्या दोघींनाही चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, सांगू नकोस म्हणून.

रूथताईंनी हातमोजे ओढून काढले, कसेही, बाहेरची बाजू आत न घेता, आणि खिडकीच्या कठड्यावर टाकले. हात पदराला पुसले. कॉटवर चढून बसल्या आणि बहिणीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. स्कार्फ सोडला. आतलं डोकं तान्ह्या मुलासारखं उघडं होतं. त्यावरून त्या तळवा फिरवत राहिल्या, कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा कपाळापासून.

"किती गार पडलीस गं, मेरी."

मॅडमचे खांदे सैल पडले होते. मघापासून मुठीत धरलेला चादरीचा कोपरा त्यांनी सोडून दिला होता.

"राजमती," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आत जाऊन चहा टाक. आम्हालाही दे. कप कुठलेही घे."

मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं आणि गॅससमोर उभी राहिले. बाहेर रूथताई मॅडमना कधीतरीची शाळेतली गोष्ट सांगत होत्या. भांड्यातलं पाणी आटून गेलं तेव्हा मी दुसरं ठेवलं.